हंड्यावरचं गाव

मंगळवार पेठेत वसंतशेठचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या पायरीवर निसार मुजावर बसलेला असायचा. दुकान वसंतशेठचं, पण बायका घरी सांगून निघायच्या ते "निसारभाईकडं जाऊन येतो" म्हणून. भांडं काय, कुठंही मिळतं. त्यावर नाव घालावं ते निसारनंच. मांडीत कळशी आडवी धरायची, एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात बारकी हातोडी, गालात पान, आणि टिकटिक करत टिंबाला टिंब जोडून अक्षर उठवायचं. अक्षर इतकं वळणदार की भांडं घासताना बायका उगीचच त्याच्यावरून बोट फिरवायच्या.

नाव कशाला घालायचं, हे आता स्टीलवाल्यांना समजावून सांगावं लागेल. गल्लीत लग्न निघालं की सगळ्या घरांतली मोठी भांडी त्या घरी जायची. जेवणावळी उरकल्या की मांडवामागं हंड्यापरातींचा ढीग पडायचा आणि त्यातून ज्याचं भांडं त्याच्या चुलीपाशी परत जायचं ते नाव वाचूनच. नाव नसलेलं भांडं म्हणजे बेवारशी. कुणीही उचलावं आणि आपलं म्हणावं.

निसारचे प्रश्न दोनच. पहिला, "नाव सांगा." दुसरा, "गाव कुठलं घालू?" पहिल्याचं उत्तर झटक्यात यायचं. दुसऱ्यापाशी माणसं अडायची. कारण साठ सालानंतरच्या त्या कोल्हापुरात जो तो कुठून ना कुठून आलेला. उद्यमनगरात फौंड्रीत तापायला आजरा-भुदरगडची पोरं, हॉटेलात उडपी, कापडात सिंधी, हमालीला घाटाखालची माणसं. पेठेत पिढ्यान्पिढ्या राहिलो म्हणून मिशीला पीळ देणारे होते, त्यांचाही आजा खोदून विचारलं तर कुठल्या तरी खेड्यातून डोक्यावर बोचकं घेऊनच आलेला निघायचा. नवीन आलेला माणूस आपलं गाव ठासून सांगायचा. चार-आठ वर्षं झाली की तोच माणूस घुटमळायचा. "कोल्हापूरच घाला," म्हणायचा, आणि छिन्नी टेकली की, "थांबा थांबा. गावाकडची नावं ठेवत्यात. गावच घाला."

निसारला मोठी गंमत वाटायची. "अवो पावणं," तो म्हणायचा, "सोताचं गाव म्हाईत न्हाय व्हय तुमास्नी? घरात इचारून या जावा, मी बसलोय हितंच." आणि वसंतशेठकडं बघून हसायचा. दुसऱ्याच्या घुटमळण्यावर हसणं सोपं असतं.

तो स्वतः चंदगडचा. म्हणजे पेठेत त्याला चंदगडचा म्हणायचे. खरं गाव फणसवाडी, चंदगडपासून रान तुडवत आत जायचं, पावसाळ्यात तर बाहेरच्या जगाशी संबंधच तुटायचा. पोरसवदा निसार कोल्हापुरात उतरला तेव्हा कुणीही गाव विचारलं की अभिमानानं "फणसवाडी" सांगायचा आणि समोरचा "कंची फणसवाडी?" म्हणून तोंड वासायचा. कंटाळून त्यानं चंदगड सांगायला सुरुवात केली. ते चिकटलं ते चिकटलंच.

वाडीत बापाच्या मागं भाताची दोन-चार खाचरं आणि काजूची झाडं उरली होती. दोन भावांना ती पुरणारी नव्हती. थोरला हुसेन म्हणाला, मी ऱ्हातो, तू जा. भांडण नाही, वाटणी नाही, एवढ्या एका वाक्यावर निसार यष्टीत बसला. पुढं चंदगडच्याच बाजूची सुलतानबी बायको म्हणून आली, पेठेत भाड्याची एक खोली झाली, आणि हाफिजा झाली. वर्षं कशी गेली ते त्याला विचारू नका, त्यालाही माहीत नव्हतं.

आणि त्या एका खोलीनं किती माणसं पचवली. वाडीतलं कुणीही कोल्हापुरात उतरलं की स्टँडवरून तडक निसारच्या दारात. कुणाला गिरणीत चिकटवायचं, कुणाला फौंड्रीत, कुणाला बांधकामावर. काम मिळेपर्यंत खोलीच्या एका कोपऱ्यात त्याचं अंथरूण. हुसेनचे दोन्ही पोरगेही असेच आले, राहिले, उद्यमनगरात लागले आणि मग आपापल्या खोल्या करून गेले. सुलतानबी भाकरी थापता थापता म्हणायची, "ही खोली हाय का धर्मशाळा? तुमी अर्धी वाडी हितं आनलीसा, उरलेली अर्धी कवा येनार तेवढं सांगा, मी पीठ दळून ठेवते." निसारला त्यात भूषण वाटायचं. आपल्या गावच्या माणसाला आपण हात देतोय, यात वाईट काय?

त्याच्या घरात बोलणं दखनी हिंदीत चालायचं, पण भांडण निघालं की दोघंही मराठीवर यायची. त्या एक्क्याऐंशी सालात त्यांच्या घरात फार मराठी झाली.

वर्षाच्या सुरुवातीला खानेसुमारीवाले गुरुजी आले होते. जन्म कुठला, आधी कुठं होता, येऊन किती दिवस झाले, असं विचारत बसले. "आलोय की परवाच," निसार म्हणाला. आतून सुलतानबी ओरडली, "परवा कसलं, पोरगी लग्नाला आली." गुरुजी हसले, निसारही हसला. पण ते गेल्यावर तो दारातच बोटांवर वर्षं मोजायला लागला.

आणि खरंच हाफिजाचं लग्न ठरलं. मुलगा इमाम, शिवणकामात हुशार, कोल्हापुरातच दुकान. माणसं मूळची निपाणीकडची, बोलताना मध्येच कानडी शब्द टाकणारी, पण साधी. सगळं मनासारखं झालं. वसंतशेठनं तांब्याचा एक मोठा हंडा आधीच बाजूला काढून ठेवला होता. "हा हाफिजाचा," तो म्हणाला. "आजवर गावाची नावं घातलीस, आता सोताचं घाल."

निसारच्या माणसांतला रिवाज असा की बापाचा हंडा मांडवात सगळ्यांत पुढं ठेवायचा आणि आहेर वाचताना लाउडस्पीकरवरून पहिला तोच वाचायचा. बापाचं नाव, मुक्काम पोस्ट अमुक. सगळा मांडव ऐकतो. निसारनं हंडा मांडीत घेतला, "निसार मुजावर यांजकडून" एवढं घातलं, खाली "मु. पो." घातलं, आणि त्याची हातोडी थांबली.

गाव कुठलं घालू?

फणसवाडी घातलं तर पेठेतल्या लोकांना, ज्यांच्यात जन्म काढला, काय वाटेल? म्हणतील, इतकी वर्षं आमच्यात खाल्लंस-प्यालास आणि अजून पाहुणाच का? कोल्हापूर घातलं तर हुसेन समोर बसलेला असणार. चंदगड घातलं तर ते ना इकडचं ना तिकडचं, नुसतं सोयीचं. त्यानं हंडा उचलून दुकानात आत नेऊन ठेवला. आपल्याला उत्तर येत नाही याचंच त्याला आश्चर्य वाटत होतं.

रात्री जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं सुलतानबीला विचारलं. तिनं ताटातनं मान वर केली नाही. "कोल्हापूर घाला. त्यात इचारायचं काय?"

"पर गाव आपलं..."

"मला एक सांगा. उद्या पोरीला तितं न्हाय पटलं, आनि ती रडत निघाली, तर कुठं येईल? चंदगडची यष्टी धरंल का हितं येईल? भांडं आनि पोरगी परत जितं येती, ते गाव."

हे बिनतोड होतं. पण बिनतोड गोष्ट पटतेच असं नाही. त्यानं हाफिजाला विचारलं, तर ती लाजून म्हणाली, "मला काय इचारता अब्बा, मी तर चालले त्यांच्यात." इमामच्या वडलांना आडून आडून विचारलं, तर ते म्हणाले, "आमच्यात पोरीच्या भांड्यावर नवऱ्याचंच गाव घालत्यात." म्हणजे निपाणी. निसारनं कपाळावर हात मारून घेतला. होतं ते थोडं होतं म्हणून त्यात ही भर.

मग तो लग्नाचं आवतण द्यायला वाडीला गेला. यष्टीतून उतरून आत चालत जाताना त्याला बरं वाटत होतं. वाटलं, पायाला माती लागली की आपोआप कळेल. वाडीच्या तोंडाशी दोन पोरं खेळत होती. ती त्याला बघून पळत सुटली, "पावणं आलं, पावणं आलं" करत. निसार हसला खरा, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

हुसेन एकटाच होता. बायको जाऊन दोन पावसाळे झाले होते, पोरं कोल्हापुरात. त्यानं चहा केला, दूध नव्हतं म्हणून कोराच. हंड्याचा विषय निघाला आणि हुसेनचा आवाज चढला. "फणसवाडी घाल. बा हितं मातीत हाय, आई हितं हाय. तू काय आभाळातनं पडलास व्हय?"

"पर पोरीचा जलम तितला, भाई."

"तुझा न्हाय की तितला. नाव कुनाचं हाय हंड्यावर?" हुसेननं कप खाली आपटला. "तुला सांगू का, एकेक करून वाडीतली समदी पोरं तू वढून न्हेलीस. माजीबी न्हेलीस. आता नावबी न्हे."

निसारच्या काळजाला घरं पडली. इतकी वर्षं ज्याला तो पुण्य समजत होता, ते भावाच्या तोंडून असं निघालं. त्यानं कुणाला ओढलं नव्हतं. आलेल्याला फक्त दार उघडलं होतं. पण परतीच्या वाटेवर बंद घरं बघत चालताना त्याला खात्री वाटेना. यष्टीत खिडकीशी बसून तो दोन्ही बाजूंनी स्वतःशीच भांडत राहिला आणि दोन्हीकडून हरला.

या सगळ्यात व्हायचं तेच झालं. झुंबरबाई नावाची एक ठसकेबाज बाई बिद्रीकडची होती. लग्न करून पेठेत आली त्याला जमाना झाला होता. तिनं भाचीच्या लग्नासाठी परात नाव घालायला टाकली होती. निसारनं नाव नीट घातलं, आणि गावाच्या जागी, डोक्यात जे घोळत होतं तेच हातातून उतरलं. फणसवाडी. परात घेऊन गेलेली झुंबरबाई थोड्याच वेळात अशी परत आली की वसंतशेठनं गल्ल्यावरून उठून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"ही कंची फणसवाडी रं निसारभाई? आमची नणंद वाचायला बसली तर म्हनंल, वैनीनं कुनाचं तरी भांडं उचलून आनलंय. चोरीचा आळ आनतोस व्हय माज्यावर?"

निसारनं कान पकडले. परातीवरची अक्षरं ठोकून सपाट करून घ्यावी लागली, तरी डाग राहिलाच. झुंबरबाईचा राग मात्र त्याचं उतरलेलं तोंड बघून उतरला. तिनं पायरीवर बसून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी बग, समदा जलम हितं काढला. पर भांड्यावर बिद्रीच. का म्हनशील तर मला सासू म्हनायची, तुझं हाय काय हितं? म्हनून जिरवायला घालतो मी बिद्री." तिचं कारण तिच्यापुरतं पक्कं होतं. निसारला सासू नव्हती, त्यामुळं त्याला त्याचा उपयोग झाला नाही.

वसंतशेठ म्हणाला, "दोन्ही घाल. हिकडं बी खूश, तिकडं बी खूश."

"आवं शेठ, दुकान भांड्याचं चालीवतासा आनि असं बोलतासा? दोन गावांचं भांडं म्हंजे मोडीत घेतलेलं. पोरीला बापानं जुनं भांडं दिलं म्हनतील." दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं त्या हंड्याचं झालं होतं. लग्नाचा दिवस उजाडला आणि हंडा "मु. पो." वरच थांबलेला. निसारनं तो तसाच मांडवात नेऊन ठेवला. वाटलं, एवढ्या गर्दीत कोण बघतंय.

गल्ली भरून मांडव होता. निकाह झाला, खजूर वाटले. पेठेतल्या तालमीची सगळी मंडळी आलेली, वाडीतलीही सगळी आलेली. आणि गंमत म्हणजे वाडीतली बहुतेक माणसं चालत आली होती, कारण ती आता दोन-चार गल्ल्यांपलीकडंच राहत होती. यष्टीनं आला तो एकटा हुसेन. पुढच्या रांगेत डोक्याला रुमाल बांधून, हात मांडीवर ठेवून बसला होता.

आहेर वाचायला बंडू उभा राहिला. गल्लीतलं कुठलंही लग्न त्याच्या आवाजाशिवाय होत नसे. त्यानं हंडा वळवून घेतला आणि तोंड कर्ण्याच्या माइकला लावलं. "निसार मुजावर यांजकडून, तांब्याचा हंडा, मुक्काम पोस्ट..." तो थांबला. वाकून बघितलं. आणि माइक तोंडाशीच ठेवून म्हणाला, "निसारभाई, म्होरं काय न्हाय की. गाव कंचं?"

मांडवात हशा पिकला. पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं की हा माणूस आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आलाय. निसार उभा राहिला. बायकांच्या बाजूला सुलतानबी दिसत होती, समोर हुसेन दिसत होता. हशा हळूहळू विरला आणि लोक नुसते बघायला लागले. तेव्हा तो रडायच्या बेताला आला होता, हे खरं सांगायला हरकत नाही.

"कोल्हापूर," कुणीतरी म्हणालं.

हुसेन होता. बसल्या जागेवरूनच, पण खणखणीत. बंडूनं लगेच उचललं, "मुक्काम पोस्ट कोल्हापूर," आणि तो पुढच्या परातीकडं वळला.

निसारला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो राग. त्यानं भावाला हाताला धरून मांडवामागं चुलाण्यापाशी नेलं. "तितं कप आपटलास माज्यापुढं, आनि हितं चारचौघांत कोल्हापूर म्हनतोस? तोडलंस का मला?"

हुसेननं बाहेर आलेला एक निखारा काटकीनं चुलाण्यात सारला. "तू गेलास," तो म्हणाला, "आनि दुसऱ्या दिशी मी दारात बसलो. हंडा जर हरवला, आनि कुनी भला मानूस नाव वाचून वाडीला घेऊन आला, तर त्यो द्याचा कुनाला? मी बी न्हाय ऱ्हात आता. येवढी भातं कापली की दार लावून येतोय. पोरं लै दिस झालं मागं लागल्यात. थोरल्याच्यात एक कोपरा मिळंल."

निसार खाली बसला. भावानं यावं म्हणून तोच दर खेपेला म्हणत आला होता. मग आता तो येतोय तर आनंद का होईना, हे त्याला समजेना. "भाई, मी हितं पायरीवर बसून दिवस काढलं ते तू तितं हाईस म्हनून," तो म्हणाला. "कवाबी गेलो तर दार उघडंल म्हनून. आता तूबी हितं आलास, तर मी कुठला?"

थोरला भाऊ होता. लहानपणापासून निसारच्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्यापाशी काहीतरी उत्तर असायचं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मला काय म्हाईत? येवढ्या मानसांची गावं घालतोस, मला वाटलं तुला तरी म्हाईत असंल."

मांडवातून सुलतानबीची हाक आली, पोरगी निघाली, टेम्पो आला, हंडा असाच अर्धवट जायचा काय म्हणून. निसारनं कुणाला तरी पाठवून दुकानातली आपली हत्यारांची पिशवी मागवली, छिन्नी-हातोडी काढली आणि तिथंच जमिनीवर फतकल मारून बसला. तांब्यावर छिन्नी ठरेना. हंडा घरंगळत होता. हुसेन त्याच्यासमोर बसला आणि त्यानं हंडा दोन्ही गुडघ्यांत आवळून धरला.

"हान," तो म्हणाला.

निसारनं हाणायला सुरुवात केली. "को" उठला, नेहमीसारखा वळणदार. पुढच्या अक्षराला डोळे भरून आले आणि तांबं दिसेनासं झालं. हुसेननं डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या हातात दिला आणि हंडा तसाच घट्ट धरून बसला.